आजची टपालबोट

हेल्नेस, ७ मार्च १८८४, सकाळ

प्रिय तोरबोर्गताईस,

तुझ्या राग्नीचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल. बर्फ ओसरतोय, सुका मासा यंदा चांगल्या भावाने गेला, यांची कंबरही आता दुखत नाही. पोरांना गोड पापा.

बघ, सवयीने पुन्हा तेच लिहिलं. सहा वर्षं तुला हीच खुशाली कळवतेय, कारण गावचं टपाल आमच्या दुकानातून जातं आणि माझं प्रत्येक पत्र आधी हे वाचतात. तू उलट लिहितेस, "राग्नी, नशीब काढलंस हो!" तुला काय दोष देऊ?

लग्नाआधी मी तारघरात होते, आठवतं ना? मासेमारीच्या हंगामापुरती लोफोतेन बेटांवरच्या तारघरात बाई हवीय. जुन्या साहेबांनी मलाच बोलावलंय. आजच्या बोटीने निघाले तरच जागा माझी. ते पत्रही यांनीच फोडलं आणि जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "बाईसाहेब टकटक करायला निघाल्या! का गं, मी उपाशी ठेवतो तुला?" नोकरमाणसं हसली. मीही हसले, ताई. त्याचीच जास्त लाज वाटते.

बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर खाडीत थांबते. काल रास्मुस नावाड्याला म्हटलं, मला तिथवर सोड. म्हातारा टोपी हातात घेऊन खाली बघत राहिला.

"वहिनी, वादळात ने म्हणालात तरी नेईन. पण धन्यांनी सगळ्यांना बजावलंय." मग टोपी घालत म्हणाला, "होडीला कुलूप नसतं मात्र."

म्हणजे वल्ही मलाच मारायची. व्यापाऱ्याच्या बायकोने वल्ह्याला हात लावायचा नसतो, त्यामुळे तळवे लोण्यासारखे झालेत. वाराही समोरचा. हे चर्चच्या बैठकीला गेलेत, ते परतायच्या आत निघायला हवं. भीती वाटतेय गं.

तू म्हणशील, एलियाससारखा नवरा, पीत नाही, मारत नाही, मग दुखतंय कुठे? नाहीच मारत. पण सहा वर्षांत माझं एक वाक्य त्यांच्या परवानगीशिवाय या घराबाहेर गेलेलं नाही.

बोटीची शिट्टी ऐकू आली. आमची स्वयंपाकीण मारेन भाकरी बांधून दारात उभी आहे.

हे पत्र दुकानात देणार नाही. बोटीवरही टपालाची पेटी असते, तिच्यात मी स्वतः टाकणार. तुझ्या हाती आलं, तर समज मी बोटीवर चढले.

आणि तसं झालं नसेल, तर एलियास, हे तुम्ही वाचताय. नीट वाचा. पुढच्या आठवड्यातही बोट येते.

राग्नी