रिकाम्या वेळेतली रेघ

३ फेब्रुवारी

पट्टी बसली! सकाळी यांना शस्त्रक्रियेला नेलं, दुपारी परत आणलं. डोक्याला पांढरं बँडेज आणि त्यातून वर आलेलं बटणाएवढं झाकण. वायर तिथे जोडायची.

पट्टी लेकीनेच बनवली, तिच्या प्रयोगशाळेत. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, वर सोन्याचे बारीक ठिपके. मेंदूत टोचायची नाही, नुसती वर ठेवायची. आत काही हललं की ठिपक्यांना कळतं आणि पडद्यावर रेघ उठते. उभ्या जन्मात मला सोन्याचं काही घेतलं नाही यांनी, आणि आता स्वतःच्या डोक्यात घालून बसलेत! एकटीच हसले. मग रडले.

४ फेब्रुवारी

ताप नाही. देवाची कृपा.

११ फेब्रुवारी

टाके काढले. नर्स यांना पुसताना म्हणाली, "काका, किती छान दिसताय." हे छताकडे बघत. पक्षाघाताचा झटका आल्यापासून असंच. डोळे उघडतात, पण कुणासाठी ते कळत नाही. पापणीसुद्धा सांगून मिटत नाही.

सगळे विचारतात, आत आहेत का अजून? मी म्हणते, आहेत. गेल्या हिवाळ्यात कफाने छाती भरली तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध द्यायचं, की...?" मी पुढचं बोलूच दिलं नाही. द्या! वाचले. सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या प्रार्थनेने वाचले म्हणून.

१८ फेब्रुवारी

आज पहिली वेळ. लेक काचेपलीकडे. स्वतःच्या वडिलांची नोंद तिने घ्यायची नाही, असा तिथला नियम. ते काम तिच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याचं. जाड भिंगं लावतो, म्हणून मी त्याला चष्मेवाला म्हणते. पोरगा भला आहे, पण चहा अर्धा टाकतो. जीव तुटतो माझा.

यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "काका, 'हो' म्हणायचं असलं की मनात जोरात ओरडायचं. 'नाही' असलं की गप्प. पण आधी रिकामी वेळ — काहीच करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." गप्प डोकं कसं दिसतं हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. मग त्याच्याशी ताडून ओरडणं ओळखायचं. मला म्हणाला, "काकू, आवाज नको."

नाही केला. रिकाम्या वेळी माणूस दुसरं काय करणार! यांच्या उशाशी बसून नेहमीची प्रार्थना पुटपुटले, परत परत. आईने शिकवलेली. तिच्यात सगळं जग येतं — पोरंबाळं, वाटसरू, उपाशी, आजारी — आणि शेवटी, "थकल्या जिवाला तुझ्यापाशी घे."

हे पूर्वी चिडवायचे, "तुझा देव बहिरा आहे का? रोज तेच तेच सांगावं लागतं!" दुकानात रेडिओ उघडून बसलेले असायचे. लोकांच्या रेडिओतली खरखर काढण्यात हयात गेली.

१९ फेब्रुवारी

आधी उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न. तुमचं लग्न झालंय का? यंत्र काही सांगेना. तुम्ही हत्ती आहात का? तेच.

२६ फेब्रुवारी

रोज नापास. 'हो' आणि 'नाही' यांत फरकच दिसत नाही म्हणे. चष्मेवाल्याने मान खाली घालून सांगितलं, "पट्टीत पाणी शिरलं असावं." लेक घरी आली ती बुटांसकट पलंगावर पडली. जेव म्हटलं तर, "आई, पुरे." तिची सगळी उमेदीची वर्षं त्या पापुद्र्यात गेलीत. लग्नाचं विचारायचंसुद्धा मी सोडून दिलं.

४ मार्च

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. पुढच्या महिन्यात पट्टी काढायची. "पट्टी बिघडली असेल, किंवा..." किंवाच्या पुढे त्या गेल्याच नाहीत. मला कळलं. किंवा आत कुणी नाही.

देवा, एवढं नको.

७ मार्च

लेकीने पट्टी तपासली. कुठेही गळत नाही. मग चष्मेवाल्याच्या मागे लागून रिकाम्या वेळेची नोंद उघडायला लावली. ती रिकामी नाहीच! मध्ये मध्ये रेघ डोंगरासारखी उठते, पुन्हा सपाट होते, पुन्हा उठते. ओरडण्यालाच गप्प समजत होतं बिचारं यंत्र.

"आई, त्या वेळी खोलीत काय चाललं होतं?"

"काही नाही गं. मी प्रार्थना म्हणत होते."

"आवाज नको म्हटलं होतं ना?"

"आवाज कुठे केला? पुटपुटले."

मला वाटलं ओरडेल. तिने माझे दोन्ही हात धरले. "बाबा आत आहेत, आई! तुझ्याबरोबर म्हणतायत!"

हे — आणि प्रार्थना! शेजारणीला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

८ मार्च

आज मुद्दाम म्हणायला लावली. हात लावायचा नाही, आवाज चढवायचा नाही. पडदा माझ्यासमोरच.

पोरंबाळं. सपाट. वाटसरू. सपाट. उपाशी, आजारी — रेघ हलली नाही. शेवटच्या ओळीला उठली. थेट वर.

पुन्हा म्हटली. तसंच. पुन्हा. तसंच.

चष्मेवाला म्हणाला, "काकू, आता शेवटची ओळ गाळा." मी आजारीपर्यंत आले आणि तोंड मिटलं. रेघ एकटीच उठली.

लेक बाहेर निघून गेली.

९ मार्च

काही लिहवत नाही. ती ओळ मी जगासाठी म्हणत होते. यांच्यासाठी एकदाही नाही.

१३ मार्च

काल मला बाहेर बसवून रिकामी वेळ नव्याने घेतली. आज यंत्र चटाचटा बोलू लागलं. लग्न झालंय का? हो. हत्ती आहात का? नाही. दुखतं का? हो. लेकीला काचेपलीकडून आत येऊ दिलं. "बाबा, पट्टी मी केलीय. बरी झालीय का?" हो! ती हसत होती, नाक पुसत होती. आज एवढंच, असं मीच म्हटलं. पुढचा प्रश्न कुणाच्याच तोंडून निघाला नसता.

१६ मार्च

निघावा लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सावकाश, सोप्या शब्दांत. पुन्हा छाती भरली तर औषध हवं का? नाही. उलटं फिरवून विचारलं, औषधाशिवाय जाऊ द्यायचं का? हो.

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी विचारायचं, असा नियम आहे. एकाच दिवसाचं उत्तर धरत नाहीत.

लेक जिन्यात म्हणाली, "यासाठी केली होती का गं मी पट्टी?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

२९ मार्च

सगळ्यांचं विचारून झालं. उत्तर बदललं नाही. शेवटी मी विचारलं. नियमात बसत नव्हतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विचारा.

"अहो, माझ्यावर रागावलात का? त्या हिवाळ्यात मी औषध द्या म्हटलं म्हणून?"

कितीतरी वेळ पडदा बघत बसले. सपाट. नाही.

मग घरी आले. यांचे सदरे धुतले. कशाला धुतले कोण जाणे.

१२ एप्रिल

देवाशी भांडले. मनातल्या मनात, यांच्यासारखंच.

३० एप्रिल

छाती भरलीय. लेक पायाशी बसून आहे. पडदा बंद, वायर काढून ठेवलेली. सकाळी प्रार्थना म्हटली, या वेळी पुटपुटले नाही. आजारीपर्यंत आले आणि थांबले, यांना वेळ दिला. शेवटची ओळ दोघांनी म्हटली.