बोंबलाच्या दोरीवरचा भुईचाफा

डोंबिवली पूर्व
२३ फेब्रुवारी २०२६

ती. केशरआत्यास,
शि. सा. न. वि. वि. फोनवर मी नुसतं ‘हं’ म्हणते अशी तुझी तक्रार, म्हणून लिहिते. घडलं ते असं:

१. दिवाळीनंतर भुईचाफ्याची पानं सुकली. आमच्या गॅलरीत वरच्यांचे कपडे ठिबकतात, म्हणून कुंडी तुझ्या गच्चीत ठेवली.
२. कुंडीवर लिहिलं होतं: ‘रिकामी नाही. पावसाळ्यापर्यंत पाणी नको.’
३. काल माती ओली होती. तिच्यात बोई माशाचे खवले होते.
४. एक कंद दाबून पाहिला. मऊ लागला.

हा कंद कोरड्या मातीत झोपतो आणि ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, थेट मातीतून फूल काढतो. झोपेत पाणी मिळालं तर कुजतो. यंदा तो फुलणं मला गरजेचं आहे. कारण विचारू नकोस.

लोभ असावा, पाणी नसावं.
दक्षता


कोपरी
१ मार्च

चि. दक्षता हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

अगो बाय, गुन्हा कबूल! मासे धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं, असं आपल्या घरात कधी कोणी केलंय? तुझ्या आजीचा गुलाब त्याच पाण्यावर छपरापर्यंत गेलेला. तुझी पाटी मी वाचली होती. पण कोरडी कुंडी दिसली की माझा हात माझं ऐकत नाही.

पत्र आलं तशी कुंडी उलटी केली. आल्यासारखे नऊ कंद निघाले. तीन हातातच विरघळले. वास असा की मला माझाच धंदा आठवला. सहा धड आहेत. आता तू असशील इंजिनीअर, पण ओली वस्तू न कुजता सुकवायची कशी हे कोळणीला शिकवू नकोस. चाळीस वर्षं बोंबील सुकवलेत. मऊ भाग कापला, जखमेला राख लावली, जुन्या जाळ्याच्या तुकड्यांत एकेक सुटा बांधला आणि बोंबलाच्या दोरीला टांगला. सावलीत, खाडीचा वारा लागेल असा. शेजारची सरस्वती विचारते, हे कुठले मासे? म्हटलं, डोंबिवलीचे.

आणि कुंडीच्या बुडाशी दुसरी चिठ्ठी मिळाली: ‘म.कडून, कळवा.’ दहावीच्या निकालाला पापणी न हलवणारी पोर आल्याएवढ्या कंदासाठी पत्र लिहिते! हा म. कोण? खरं लिही, नाहीतर परत पाजते.

तुझीच,
पाणीवाली आत्या


डोंबिवली पूर्व
८ मार्च

ती. आत्यास, सा. न.

काल येऊन कंद पाहिले. कडक झालेत. आता वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत दोन बोटं खोल ठेव. पाणी शून्य. मासे धुतलेलं पाणी हेही पाणीच.

म. म्हणजे महेंद्र. कळव्याला राहतो, माझ्याच कंपनीत आहे. कंद त्याच्या आजीच्या अंगणातले. तीन वर्षांपूर्वी त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, हे फुललं की घरी सांगेन. तो बौद्ध, आपण कोळी. बाबा काय म्हणतील याचा मला अंदाज नाही, आणि अंदाज नसेल तिथे मी पाऊल टाकत नाही.

पहिली दोन वर्षं फुललं नाही, कारण हिवाळाभर माझं पाणी चालू होतं. मुद्दाम दिलं असं नाही. थांबवलंही नाही. यंदा थांबवलं.

बाबांना बोलू नकोस. एवढी माया कर.
दक्षता


कोपरी
१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

चि. दक्षता हिस अनेक, अनेक आशीर्वाद.

फुललं गो, फुललं! सकाळी झाडू मारायला गेले तर मातीने चक्क डोळे उघडलेले. पान नाही, देठ नाही. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळी जीभ, आणि एक नाही, चार! मी गच्चीतूनच सरस्वतीला हाक मारली. ती पीठ भरल्या हातांनी आली, मागून तिची सासू, मग अर्धी गल्ली. वास असा गोड की सगळे वाकून वाकून घेतात. मांजरं मात्र अजून बोंबलाच्या आशेने कुंडीभोवती पंगत धरून बसलीत. मी स्टूल टाकून राखण करतेय आणि इथूनच लिहितेय.

तीन वर्षं कुंडीच्या आड लपलीस. आता कुंडीने आपलं काम केलं, तू तुझं कर. तुझा बाप जगन ओरडेल. लहानपणी मी त्याला खाडीत ढकललं तेव्हाही आधी ओरडला, मग संध्याकाळपर्यंत बाहेर येईना. आणि माझं मत? ते मला कुणी विचारलंय का? सगळ्यांना नुसते माझे बोंबील हवेत.

रुसलेली, पण फुललेली,
आत्या


डोंबिवली पूर्व
२२ एप्रिल

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

क्रम दुरुस्त करते. बाबांना मी १२ तारखेलाच सांगितलं. फुलाची वाट पाहिली नाही. तुझ्या दोरीवर लटकलेले ते सहा कंद पाहिले तेव्हाच लाज वाटली होती. सगळी जोखीम त्यांनीच का घ्यायची?

बाबांनी आधी दोन कप चहा संपवला. मग विचारलं, मासे खातो का? मी म्हटलं, बोंबील, काट्यासकट. काल तुझं पत्र वाचून दाखवलं. खाडीच्या ओळीला हसले आणि म्हणाले, ताईला रीतसर विचार; ती नाही म्हणाली तर मी नाही, आणि हो म्हणाली तर मला बोलू कोण देतंय?

१ मेला बुद्धपौर्णिमा. महेंद्रच्या आईने आपल्या सगळ्यांना खिरीला बोलावलंय. फोनवर मी ‘हं’ म्हटलं नाही. ‘येतो!’ म्हटलं, इतक्या मोठ्याने की वरच्यांनी खिडकी उघडली.

तर रीतसर विचारते. मला महेंद्रशी लग्न करायचं आहे. तुझं मत काय? आणि १ मेला कुंडी घेऊन कळव्याला येशील का?

मंगळवार, २८ एप्रिलपर्यंत उत्तर दे.
दक्षता