घाटकोपरचा वाटा

१० नोव्हेंबर, सोमवार
सानवीनं आज 'स' ऐकला. मी तोंडापुढे कागद धरला होता, म्हणजे तिला ओठ दिसत नव्हते. आवाज ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा, असा खेळ. मी हळूच स्स्स केलं आणि तिनं मणी डब्यात टाकला. साडेचार वर्षांची आहे. कानाचं मशीन बसवून वर्ष होत आलं. 'आ', 'ऊ' कधीच यायला लागले होते, पण 'स' म्हणजे सगळ्यात बारीक आवाज. तिची आई रेश्मा मागून म्हणाली, "चुकून टाकला असेल ताई." पुन्हा केलं. पुन्हा टाकला. मग रेश्मानं स्वतःच पुढचा मणी तिच्या हातात दिला.

दुपारी संस्थेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. सरकारी खात्यानं आपल्या संस्थेला वाचा-थेरपिस्टची दोनच पदं दिली आहेत, तिसरं नाही. आत्ता दोन्ही इथेच, घाटकोपर केंद्रात, मी नि प्राची. जव्हारच्या केंद्रात महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन येतं. खातं म्हणतंय, शहर-ग्रामीण न्याय्य वाटणी करा. ती कशी करायची, त्याचं टिपण मी लिहायचं. "तू नीट विचार करतेस म्हणून." 

१३ नोव्हेंबर, गुरुवार
जव्हार. न बघता कसं लिहायचं, म्हणून गेले. आरोग्य केंद्रामागची एक खोली. बाया सकाळपासून मुलं घेऊन बसलेल्या.
जानी, सात वर्षांची. शाळेत 'मंद' म्हणून मागे बसवतात. मंद नाही, ऐकू येत नाही तिला. कुणी तपासलंच नव्हतं. तिची आई विचारत होती, "आता बोलंल का?" मी म्हटलं, प्रयत्न करू.
करू म्हणजे कोण? मी तर संध्याकाळच्या एसटीनं परत.

१६ नोव्हेंबर, रविवार
बोरीवलीला, घरी. आईनं पपई आणली होती, बाबांनी सुरी माझ्या हातात दिली. मला नि दादाला चौथीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. अपूर्णांक असेच शिकलो: कधी पपई, कधी खोबऱ्याची वडी. नियम एकच, कापेल त्यानं शेवटी उचलायचं. दादा तेव्हा फार खोड्या करायचा. "कापते ही आणि रडतेही हीच," म्हणायचा, कारण माझ्या वाट्याला नेहमी देठाकडची फोड.
आजही तीच घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.
टिपणाबद्दल बाबांना विचारणार होते. नाही विचारलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
बैठक झाली. टिपणात एक पद जव्हारला, एक घाटकोपरला. मॅडम म्हणाल्या, "दुसरं पद निम्मं निम्मं करूया का? तीन दिवस इथे, तीन दिवस तिथे. घाटकोपरला एकदम धक्का बसणार नाही."
मी म्हटलं, नको. शहरात पर्याय आहेत, तिथे काहीच नाही. पूर्ण पद जाऊ दे.
खरं कारण वेगळं. केंद्र माझं, टिपण माझं, मग माझ्याच केंद्राची बाजू मी कशी घेऊ? बरं दिसलं नसतं.
प्राची जिन्यात म्हणाली, "महात्मा व्हायचं तर स्वतःच्या पगारावर हो ना यार."
हसले. पण तिचं कंत्राट जव्हारला जाणाऱ्या याच पदावर आहे, आणि ते मला माहीत होतं.

२३ डिसेंबर, मंगळवार
आदेश काल आला. टिपणात होतं तसंच, शब्दाला शब्द. जानेवारीपासून लागू. आज आयांना सांगितलं: प्रत्येक मुलाला आठवड्याला तीन दिवसांऐवजी एकच. बाकीच्या चुळबुळल्या, 'बघू' म्हणाल्या. रेश्मा उठून पुढे आली.
"कुणी ठरवलं?"
मी, असं सांगितलं. खोटं कसं बोलणार?
"म्हणजे आमचं होतं ते तुम्ही देऊन टाकलं."
मी म्हटलं, तिथल्या मुलांना काहीच नाही हो. इथे निदान दुसरे दवाखाने...
"आहेत ना दवाखाने. असल्फ्याहून येते ती बोर्ड वाचतच येते मी. आत कोण घेतंय फुकट? गावची पोरं गरीब, मग आम्ही काय मुंबईत राहतो म्हणून शेठ झालो?" मग आवाज खाली आणून, "त्या पोरींना द्या हो ताई. देऊ नका असं नाय म्हणत मी. पण माझ्या पोरीच्या ताटातलं काढून देताना मला विचारायचं तरी."
सानवी आईच्या ओढणीचा काठ धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. जो बोलेल त्याच्याकडे. इतकं तिला शिकवलंय.

२८ डिसेंबर, रविवार
बाबांना सगळं सांगितलं.  मग म्हणाले, "अगं, तो नियम घरातल्या फोडींचा होता. शेवटची फोड तू खायचीस." बराच वेळ चष्मा पुसत होते. "या वाटणीतली कुणाला खायला लावलीस?"
आईला वाटलं, ते रागावले. "पोरीला काय बोलता हो!" रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.
देण्यात चूक नव्हती, अजूनही वाटत नाही. जानीला कुणीतरी हवंच. पण ते अर्धं, ते तीन दिवस... ते मागायला मी लाजले, आणि मागणं माझ्यासाठी नव्हतंच.

१७ जानेवारी, शनिवार
नव्या वेळापत्रकाचा तिसरा शनिवार. सानवी मणी हातात धरून बसते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघते. 'स'ला काहीच नाही. आठवडाभर घरी करून घ्यायला रेश्माला शिकवलंय. ती करतेही, पण मसाल्याच्या कारखान्यातून आल्यावर, शेजारचा टीव्ही चालू असताना. हे वय निघून जातं. मीच सगळ्या आयांना सांगत असते, हे वय निघून जातं.

३० जानेवारी, शुक्रवार
जव्हारच्या पदावर कुणी आलेलं नाही. दोघांची निवड झाली होती. एकीनं राहायची सोय विचारून नाही म्हटलं, दुसऱ्यानं फोनच उचलला नाही. खोलीला कुलूप.
प्राचीचा फोन आला होता. मुलुंडला खाजगी क्लिनिकमध्ये लागली आहे. तिला जव्हारचं सांगितलं. मग, "तीन दिवस असते ना, तर मी गेले असते गं. सासूबाईंना म्हटलंही होतं. अख्खा आठवडा पोराला टाकून कशी जाऊ?"
मला का नाही सांगितलंस?
"तू विचारलंस कुठे?"
म्हणजे इथलं गेलं, तिथे पोचलं नाही. कुणाचंच झालं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
मॅडमना म्हटलं, अजून निम्मं निम्मं करता येईल का? नाही. आदेश वर्षभराचा. आणि पद असंच रिकामं राहिलं तर खातं ते काढून घेईल.
मग त्यांनी विचारलं, "तू जातेस का?"
मी गेले तर घाटकोपर रिकामं. मॅडम म्हणतात, मुंबईत माणूस मिळतो, दोन-तीन महिन्यांत कुणीतरी येईल. नाही गेले तर जव्हारचं पदच जाईल. बळजबरी नाही म्हणाल्या. सोमवारपर्यंत सांग.
रात्री आईनं फोनवर विचारलं, काय झालं? डोकं दुखतंय म्हटलं. दुखतही होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी जव्हारच्या आरोग्य केंद्रातल्या आशाताईंचा फोन. जानीची आई केंद्राशी येऊन कुलूप बघून जाते. "बाई कधी येणार, विचारतेय. काय सांगू?" म्हटलं, सोमवारी कळवते.
अकराला रेश्मा आली. आदेशाचं सांगितलं त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट बोलली. कारखान्यातलं शनिवारचं काम तिनं सोडलंय, त्या दिवसाची मजुरी गेली. "आता लवकर आणते हिला, गर्दी व्हायच्या आत. तुम्हाला पण जास्त वेळ मिळेल ना?"
हो, मिळेल, म्हटलं. तेव्हा समोर मीच असेन का, ते नाही म्हटलं.
सानवीबरोबर तासभर बसले. खिडकीबाहेर कुकरची शिटी झाली तशी तिनं मान वळवली. खिडकीकडे बोट दाखवून माझ्याकडे बघत राहिली, ते काय म्हणून. कुकर, म्हटलं. तिनं तोंड उघडलं, आवाज आला, शब्द नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा तसंच.
निघताना रेश्मानं तिच्या बुटांचे बंद बांधले. "चला, ताईला टाटा कर. पुढच्या शनिवारी यायचंय."
तिनं केला. मीही केला. त्या जिना उतरून गेल्यावर हात खाली घेतला.