उत्कर्षाच्या कपाळावरची बट

आवं,

बागंवर कामाला न्यायची गाडी लवकर आली म्हणून निघाले. उत्कर्षाची वेणी तुमीच घाला. मेंढ्यानं धडक मारलेली खूण दिसू नये म्हणून मी फुडची बट कपाळावर वढून पीन लावती. पण पोरगी शाळेत जाऊन पीन काढती. का, ते कळत नव्हतं.

काल तिची मैत्रीण म्हणाली, ती सगळ्यास्नी खूण दावून गोष्ट सांगती. गोष्टीत मेंढा न्हाई, लांडगा हाय. पप्पा काठी घिऊन पळत येत्यात आन् तिला उचलत्यात. तुमी तवा मेंढरं घिऊन कोकणात व्हता, ह्ये मी बोलले न्हाई.

आज पीन लावू नगा. वेणी घालताना तिच्याच तोंडून गोष्ट ऐका. त्यात मी कुठं हाय, तेवढं इचारून ठिवा.

माया