विहाराची उरलेली दारे

मी, दो गिल्थे, धंद्याने सुतार, राहणार सोल्ते, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे ते या कागदात सांगून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत काहींचे मत वेगळे आहे, पण दाखला देण्याचा अधिकार त्यांना नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. हल्ली माझ्याकडे कोणी येतच नाही.

मी प्रभूवर विश्वास ठेवणारा माणूस आहे. लहानपणापासून होतो, आजही आहे. हे आधीच लिहितो, कारण पुढचे वाचून लोक उलट समजतील.

१. राहते घर माझी पत्नी प्यो ओक्नान हिला द्यावे. आम्ही अजून एकाच घरात राहतो. ती माझे जेवण झाकून ठेवते आणि आतल्या खोलीत जाते. खटल्याचा निकाल लागल्यावर ती म्हणाली, "तो तुमचाही मुलगा होता." होता, असे म्हणाली. सांग्युन जिवंत आहे, तुरुंगात आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. घरावरून तिच्याशी कोणी वाद घालू नये.

२. छपराखाली वाळत ठेवलेले पाइनचे सगळे लाकूड डोंगरावरच्या बौद्ध विहाराला द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

पाळक थाक आमच्या चर्चमध्ये आल्यापासून उपासनेत त्या विहाराचे नाव निघू लागले. आधी तो अंधार होता, मग सैतानाचे घर झाला. तरुण मुले त्याच्याभोवती फेऱ्या घालून तो कोसळावा म्हणून प्रार्थना करू लागली. मी तेव्हा मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक होतो. या ज्येष्ठांच्या सभेत मी विचारले, "तिथे एक म्हातारी भिक्षुणी राहते, मुळा पिकवते. तिच्याशी आपलं काय भांडण?"

पाळक हसले. "वडील, भांडण तिच्याशी नाही हो. मूर्तीशी आहे."

बाकीचे समोरच्या बशीतल्या नाशपातीच्या फोडी खात राहिले.

वसंतात एकदा पहाटेच्या प्रार्थनेनंतर काही जण मंडळीच्या गाडीत बसले. गाडी माझा मुलगा सांग्युन चालवणार होता. मागच्या सीटवर रॉकेलचा डबा दिसला.

"हे कशाला?" मी विचारले.

"बाबा, बाजूला व्हा. उशीर होतोय."

मी दार धरून ठेवले. त्याने माझी बोटे एकेक करून सोडवली, हळूच, मला लागणार नाही अशी. पाळक पायरीवर उभे होते. मी पोलिसांना फोन केला. ते वर पोचले तोवर विहार पेटला होता. ती म्हातारी भिक्षुणी, हेउन, बादली घेऊन आत शिरली होती. तिला बाहेर काढले, पण धुराने फुप्फुसे गेली होती. हिवाळ्यात ती वारली.

डब्याबद्दल मी न्यायालयात सांगितले. सांग्युन माझ्याकडे बघत होता. मला त्या वेळी काही वाटले नाही. पुढेही फारसे काही वाटले नाही. रात्री झोप लागते, भूक लागते.

मग मी जळालेल्या विहाराची नवी दारे करायला घेतली. हेउनच्या शिष्येने विचारले, "तुमच्या धर्मात चालेल का?" मी म्हटले, "दार आहे. दाराचा काय धर्म?" मी तिथे मूर्तीला वंदन करत नाही, तीही तसे सांगत नाही. जेवताना मी डोळे मिटून माझी प्रार्थना करतो. ती तोवर चमचा उचलत नाही.

३. चर्चमधली पहिल्या बाकावरची माझी जागा मंडळीतल्या म्योंग ह्वाजाबाईंना. अशी जागा देता येत नाही, असे वकील म्हणतात. तरी लिहावे.

मुलांची शिक्षा कमी व्हावी म्हणून मंडळीने अर्ज केला. आग लावणे ही श्रद्धेची साक्ष आहे, असे त्यात होते. रविवारी मी उपासनेत उभा राहिलो. "आग माझ्या मुलाने लावली. त्यात एक बाई गेली. याला साक्ष म्हणू नका. प्रभूचं नाव यात घालू नका." पाळकांनी खूण केली आणि गायकांनी गाणे सुरू केले. मी बोलत राहिलो. कोणाला ऐकू गेले असेल, कोणाला नसेल. पुढच्या आठवड्यात माझे वडीलपद काढले.

म्योंगबाई बाजारात मला गाठून म्हणाल्या, "मनातून मी तुमच्याच बाजूची आहे. आम्ही बरेच जण आहोत."

"मग रविवारी बोला."

"सुनेला मंडळीच्या बालवाडीत नोकरी आहे हो. तुम्ही समजून घ्या."

त्यांनी माझ्या पिशवीत आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा डबा घातला. अर्जावर त्यांची सही आहे. त्या वाईट बाई नाहीत. पहिल्या बाकावरून माणूस उठला की सगळ्यांना दिसतो, म्हणून ती जागा त्यांना.

४. रंधे, पटाशा, करवती सांग्युनला द्याव्यात. हात त्याचा माझ्याहून चांगला आहे. विहाराची दोन दारे व्हायची आहेत. माझ्याकडून झाली नाहीत तर सुटून आल्यावर ती त्याने करावीत आणि स्वतःच्या हाताने बसवावीत. त्याने नाही म्हटले तर हत्यारे विहाराला. भेटीला गेलो तेव्हा मी त्याला हे सांगितले. काचेपलीकडून तो म्हणाला, "तुम्हाला देव हवाय की ते लोक?" मी म्हटले, "मला तू हवा होतास." वेळ संपल्याची घंटा झाली.

५. अंत्यविधी प्रार्थनेनेच व्हावा. पाळक थाक यांनी येऊ नये. मंडळीतल्या कोणाला यायचे असेल त्याने दिवसा यावे आणि आपले नाव लिहून आत जावे.

हे सर्व मी सांगितले, मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे.

दो गिल्थे (सही व शिक्का)

साक्षीदार पहिले: ग्वाक जोंगहे, सूपच्या खानावळीचे मालक. कोणताही धर्म मानत नाहीत.

साक्षीदार दुसऱ्या: यांग मीरे, वकिलांच्या याच कचेरीतल्या लिपिक. इथे म्योंग ह्वाजा यांचे नाव यायचे होते. त्या आल्या आहेत. खाली गाडीत बसल्या आहेत, खिडकीतून दिसतात. आम्ही दुपारभर थांबलो. आता कचेरी बंद करायची आहे.

ठिकाण: सोल्ते
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१८