जुन्या व्हॅनच्या टपावरचं कॅरिअर सोमवारी न कापण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य वाहन तपासणी अधिकारी,
वाहन तपासणी कार्यालय,
पहिला मजला, जिन्याच्या उजव्या हाताची, पंखा चालू असलेली खोली.

विषय: आपल्या आवारात उभ्या असलेल्या जुन्या व्हॅनच्या टपावरील कॅरिअर येत्या सोमवारी गॅस कटरने न कापण्याबाबत, तसेच इतर एक किरकोळ विनंती.

संदर्भ: (१) आपल्या कार्यालयाचा शेरा: "कॅरिअर भक्कम आहे. मंजूर."
(२) आपल्याच कार्यालयाची नोटीस: "कॅरिअर कापून गाडी तात्काळ हलवावी."

महोदय,

आपला वेळ मोलाचा आहे आणि माझ्याकडे सध्या वेळच वेळ आहे, म्हणून हा अर्ज मी सविस्तर लिहीत आहे. आपण तो सवडीने, पण सोमवारच्या आत वाचावा.

१. अर्जदार हा जुन्या व्हॅनना मापाबरहुकूम कॅरिअर बनवून देणाऱ्या वर्कशॉपमधला धाकटा आहे. थोरला कोणी नाही. वडील होते तोवर सगळे मला धाकटा म्हणत, आणि ते पद अद्याप बदलून मिळालेलं नाही. ज्या गाड्या कंपनीने बनवायच्या सोडल्या पण मालकांनी चालवायच्या सोडल्या नाहीत, अशाच गाड्या आमच्याकडे येतात. नव्या गाडीवाल्यांना वडील दारातूनच सांगत, "तुमचं बाजारात तयार मिळेल, इथे कशाला घाम गाळताय."

२. कॅरिअर कापणं हा आपल्या नोटिशीत एका ओळीचा विषय आहे. ते बनवणं तसं नाही, एवढंच नोंदवतो. जुन्या गाडीचा टप दुसऱ्या जुन्या गाडीसारखा कधीच नसतो. कुणाचा मध्ये बसलेला, कुणाचा एका अंगाला झुकलेला. म्हणून आधी टपावर पुठ्ठा अंथरून त्याचा उतार उतरवून घ्यायचा. मग वडील बोटाच्या पेराने टप ठोकत फिरायचे. जिथे आवाज भुसभुशीत येईल तिथे पत्रा आतून गंजलेला, तिथे कॅरिअरचा पाय द्यायचा नाही. सगळा भार टपाच्या कडेच्या पन्हळीवर घ्यायचा, पत्र्यावर काडीचाही नाही. पाईप वाकवताना त्यात वाळू ठासून भरायची, नाहीतर तो वळणावर चपटा होतो. आणि शेवटी सगळे नट आवळून झाले की प्रत्येक नटावर वेल्डिंगचा एक टाका. कारण एकदा कुणा दुसऱ्याने बसवलेलं कॅरिअर पुलावर उडालं आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या पुढ्यात पडलं. सायकलवाला वाचला, पण वडील तेव्हापासून म्हणू लागले की जे काढता येतं ते कॅरिअर नव्हे, ती टोपी. त्यामुळे "नट सोडून कॅरिअर उतरवून घ्या" ही खिडकी क्र. ४ च्या ताईंची सूचना चांगली असूनही अमलात आणता येत नाही.

३. आता मूळ अडचण. आमच्या वर्कशॉपचं शटर बुटकं आहे. वर मालक राहतात, ते त्यांची जमीन वर उचलून द्यायला तयार नाहीत. गाडी आत येते तेव्हा बोडकी असते, म्हणून येते. कॅरिअर चढलं की ती शटरपेक्षा चार बोटं उंच होते. ही चूक आमच्याकडून पहिल्या गाडीला झाली. दुसऱ्या गाडीलाही झाली. त्यानंतर ती चूक न राहता पद्धत झाली.

पद्धत अशी: गाडी तयार झाली की गल्लीत हाक द्यायची, "बसायला या." मग शेजारचे गादीवाले काका, समोरचे पंक्चरवाले, रंगारी आणि त्यांचे दोघे मेहुणे येऊन गाडीत बसतात. आई बसते. मी चालवायला. सगळ्यात शेवटी, सगळ्यात मागच्या बाकावर, वडील. त्यांचं वजन एकशे चौदा किलो होतं. ते टेकले की मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांतून "हुं" असा आवाज यायचा, गाडी खाली बसायची आणि मी क्लच सोडायचो. शटर कॅरिअरवरून केस विंचरल्यासारखं जायचं. बाहेर आलो की सगळे उतरायचे, गाडी पुन्हा चार बोटं उंच व्हायची आणि गिऱ्हाईक बिचारं दर वेळी एक पाऊल मागे सरायचं. आमच्या एकाही गाडीच्या कॅरिअरला शटरचा ओरखडा नाही. हे अभिमानाने नव्हे, पुराव्यादाखल सांगतो.

४. सदर व्हॅन गिऱ्हाइकाची नसून आमची स्वतःची आहे. इतकी वर्षं तिच्यावर कॅरिअर नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो तसं. शेवटी आईनेच विषय काढला. म्हणाली, "जन्मभर खाली उभी राहून तुम्हाला जरा डावीकडे, जरा उजवीकडे करत आले. एकदा वर बसून बघू दे की खालचे कसे दिसतात." वडील म्हणाले, "वाईटच दिसतो, मी सांगतो ना." आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठा अंथरला.

त्यामुळे हे कॅरिअर सामानाचं नाही. आईचे गुडघे दुखतात म्हणून शिडीच्या पायऱ्या नेहमीपेक्षा जवळजवळ आहेत. वर लाकडी पट्ट्या, त्यांच्या कडा घासून गोल केलेल्या, कारण आई बसताना आधी हात टेकते. मागच्या बाजूला पाठ टेकायला कठडा आहे, आणि त्या कठड्यामुळेच गाडीची मागची बाजू सगळ्यात उंच झाली. नोटिशीत ज्याला "अनावश्यक उंचवटा" म्हटलं आहे तो म्हणजे आईची पाठ. आई अद्याप वर चढलेली नाही. वडील म्हणाले, आधी पास करून आणू, मग चढ. कायद्याचं सगळं आधी, असा त्यांचा स्वभाव होता.

५. आपल्या कार्यालयाच्या फाटकावर मोठे ट्रक आत येऊ नयेत म्हणून लोखंडी दांडी आहे. तिची उंची आमच्या शटरएवढीच निघाली, फरक असलाच तर नखभर. वडिलांनी दांडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे तर घरच्यासारखंच झालं." आम्ही गल्लीतून सगळ्यांना घेऊनच आलो होतो, कारण तासाभरापूर्वी शटरमधून निघालो होतो आणि कुणाला उतरवलं नव्हतं. त्यामुळे दांडीखालून सहज आत आलो.

वडील टोकन घेऊन खिडकी क्र. ४ समोरच्या बाकावर बसले. निरीक्षक साहेब स्वतः शिडीने टपावर चढले, मीही चढलो. त्यांनी कठडा धरून हलवला. कठडा हलला नाही, गाडी हलली. ते म्हणाले, "कुणी केलंय?" मी बाकाकडे बोट केलं. बाकापाशी गर्दी जमली होती. टपावरून आवार फार छान दिसतं. मला वाटलं, टोकनचा काहीतरी गोंधळ असेल. साहेबांनी शेरा लिहिला, भक्कम, मंजूर. मी खाली उतरलो तोवर वडील वारले होते.

रुग्णवाहिका दांडीखालून आत आली आणि तशीच गेली. तिला उंचीची अडचण आली नाही. आई आणि मी तिच्यातून गेलो, गल्लीतले बाकीचे मागून चालत आले. गाडी आवारात राहिली. ती राहिली हे आमच्या लक्षात यायला काही दिवस लागले, याबद्दल दिलगीर आहे. मृत्यूचा मुद्दा मूळ विषयाशी संबंधित नसल्यास हा परिच्छेद वगळावा.

६. त्यानंतर आम्ही गाडी न्यायला रीतसर आलो. गादीवाले काका, पंक्चरवाले, रंगारी, मेहुणे, आई, सगळे आपापल्या जागी बसले. मागच्या बाकावर वडिलांच्या जागी माझे मामा बसले, ते गावाहून आले होते. मी गाडी दांडीपर्यंत आणली आणि थांबलो. मग गादीवाले काका सवयीने म्हणाले, "अरे, तुझा बाप बसू दे की आधी." म्हटलं आणि मग खिडकीबाहेर बघू लागले. पंक्चरवाले उतरून मोजून आले. कठडा दांडीपेक्षा दीड बोट उंच राहत होता. मामा म्हणाले, "मी जरा श्वास भरून बसू का?" ते भरून बसले. फरक पडला नाही. मामा छप्पन्न किलो आहेत.

७. आपण "पर्यायी उपाय का केले नाहीत" असं विचारलं आहे. केले.

टायरची हवा सोडून पाहिली. आपले कनिष्ठ निरीक्षक तेवढ्यात जेवून परत येत होते, त्यांनी "चारही टायरांत हवा नाही" असा दोष लावला. हवा भरल्यावर दोष निघाला. हवा भरल्यावर गाडीही निघेल अशी सोय नाही.

वाळूची पोती ठेवून पाहिली. गाडीची नोंद प्रवासी म्हणून असल्याने पोतं हे प्रवासी ठरत नाही, असं ताईंनी दाखवून दिलं. पोत्याला सीटवर बसवलं तर, असं रंगाऱ्याने विचारलं. त्यावर ताई पहिल्यांदा हसल्या.

जास्त माणसं बसवावीत तर चालकासह आठ अशी मर्यादा आहे, आणि आम्ही आठ असतोच. वडिलांच्या खालोखाल जड माणूस आमच्या गल्लीत म्हणजे पंक्चरवाले. ते बासष्ट किलो भरतात, तेही खिशात नट आवळायचे पाने असताना. आमची गल्ली हडकुळ्यांची आहे हे आम्हाला आजवर कळलंच नव्हतं. वडील एकटेच सगळ्यांचं भागवत होते.

दांडी थोडा वेळ काढावी म्हणून बांधकाम विभागाकडे गेलो. ते म्हणाले दांडी तपासणी कार्यालयाची. तपासणी कार्यालय म्हणालं दांडी बांधकामाची. शेवटी मी स्वतः स्टूल घेऊन पाहिलं. तिच्याही नटांवर टाके मारलेले आहेत. ज्या कुणी ती केली त्याचा आणि वडिलांचा विचार एकच दिसतो, म्हणून मला राग आला नाही. हल्ली राग येण्याच्या जागी मला फक्त लक्षात येतं.

८. कॅरिअर कापायचं ठरलं तर ते मीच कापावं, म्हणजे कडा नीट राहतील, असं निरीक्षक साहेबांनी आपुलकीने सुचवलं. मी कटर घेऊन आलोही होतो. शिडीच्या खालच्या पायरीपासून सुरुवात करावी म्हणून बसलो, तर पायरीच्या आतल्या अंगाला वडिलांनी खडूने लिहिलेलं दिसलं, "गुडघा इथे". खडू पुसला जातो, वेल्डिंग झालं की पुसायचाच असतो. हा राहिला होता. मी कटर परत घेऊन गेलो. घरी आईने विचारलं, "झालं का रे?" मी म्हटलं, गॅस संपला. आईने सिलिंडर हलवून पाहिला आणि परत जागेवर ठेवला.

९. म्हणून आता किरकोळ विनंती.

मी आपल्याला जिन्यावरून येता-जाता तीन-चार वेळा पाहिलं आहे. माझं काम मापाचं आहे, नजरेचा दोष मानू नये. आपण जिना उतरता तेव्हा कठडा जो आवाज करतो तो मी ओळखतो. हे अत्यंत आदराने लिहीत आहे. आपली प्रकृती वडिलांच्या पाच किलो इकडेतिकडे असावी, असा माझा अंदाज आहे, आणि अंदाज चुकला तर पंक्चरवाल्यांना मागे बसवून जुळवून घेता येईल.

तरी सोमवारी कटर येण्यापूर्वी आपण कृपया खाली यावं आणि आमच्या गाडीत मागच्या बाकावर बसावं. कसलीही सही लागणार नाही. आपण बसल्याने एकही नियम मोडत नाही. मामांना मी एक दिवस सुट्टी देईन, म्हणजे आम्ही आठच राहू. आपण टेकलात की मागून "हुं" असा आवाज येईल. तो गाडीचा आहे, गैरसमज नसावा. गादीवाले काका कदाचित खिडकीबाहेर बघतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

दांडी ओलांडली की आपण उतरून कामाला जाऊ शकता. आपण उतरताच गाडी वर येईल, तेव्हा एक पाऊल मागे सरावं. मात्र पाच मिनिटं असतील तर पहिल्या वळणापर्यंत थांबावं, अशी आईची विनंती आहे. तिथे रस्ता रुंद आहे, झाडं लांब आहेत, आणि तिथे गाडी उभी करून ती शिडी चढणार आहे. वरून आम्ही कसे दिसतो ते ती सांगेल. वडिलांचं मत आपल्याला वर कळवलेलंच आहे.

हे शक्य नसल्यास तसं लेखी कळवावं. मग मी गॅस भरून आणतो.

आपला नम्र आणि वजनाने अपुरा,

(सही)
कॅरिअरवाल्यांचा धाकटा

दिनांक: सोमवारच्या आधीचा गुरुवार

सोबत:
(१) संदर्भातील शेरा व नोटीस, दोन्ही एकाच टाचणीने.
(२) मागच्या बाकाचा फोटो. आपली जागा खोलगट असल्याने वेगळी खूण केलेली नाही.
(३) टोकन क्र. ६३, मूळ प्रत. नंबर अद्याप पुकारला गेलेला नाही. पुकारल्यास मी बाकावरच आहे.