सेक्टर पाचचे क्वार्टर आणि जयाचे तत्त्वज्ञान

सेक्टर ५, भिलाई
६ ऑगस्ट १९८४

चि. जयास बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. तू नागपुरात सिंधुआत्याकडे राहून तत्त्वज्ञानात एम. ए. करते आहेस, हे मी प्लांटात लपवून ठेवले होते. काल डबा खाताना चुकून तोंडून निघाले. शेजारी बसलेल्या दयारामने विचारले, पोरगी आश्रम कुठे काढणार? क्रेनवाल्या पंजाबरावांना तर तुझ्याकडून मुलाच्या लग्नाचा मुहूर्त हवा आहे. हे शिकून पुढे काय होता येते ते तूच कळव, म्हणजे मला सुखाने जेवता येईल.

आता मुद्द्याचे. मार्चअखेर मी रिटायर होतो. घरातले कोणी प्लांटात लागले तरच हे कंपनीचे क्वार्टर आपल्याकडे राहील. टायपिस्टची जागा निघाली आहे, मी तुझा फॉर्म भरून टाकला. वीस तारखेला मुलाखत. कॉलेज सोडावे लागेल, पण पंचवीस वर्षांचे घर सुटणार नाही. तुझी आई म्हणते, तिचा जीव तुझ्यात आणि माझा क्वार्टरात. तू दोघांनाही सांभाळून घे.

तुझे बाबा


नागपूर
२२ ऑगस्ट १९८४

ती. बाबांना जयाचा शि. सा. न. वि. वि.

मुलाखतीनंतर घरी न येता थेट नागपूरची गाडी पकडली, कारण तुमच्यासमोर उभे राहायची हिंमत नव्हती. टायपिंग ठीक झाले. मग साहेबांनी विचारले, ही नोकरी कशाला हवी? मी म्हटले, मला नकोच आहे, बाबांना क्वार्टर हवे आहे. साहेब खूप हसले, मला चहा पाजला आणि पुढच्या मुलीला बोलावले. वर्षभर खरे-खोटे तपासायला शिकल्याचा हा परिणाम.

आमच्या विषयाचे काही जण कॉलेजात शिकवतात, एक वकिली शिकतो, एक जण वर्तमानपत्रात आहे. मला कलेक्टरच्या परीक्षेला बसायचे आहे, तिथे हा विषय घेता येतो. पास होईनच असे नाही. घर मात्र माझ्यामुळे जाईल, याचे फार वाईट वाटते.

रागावून झाले की पत्र पाठवा.

तुमची, बहुतेक वेळा आज्ञाधारक,
जया


सेक्टर ५, भिलाई
९ सप्टेंबर १९८४

चि. जयास आशीर्वाद, आणि थोडा रागही.

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. साहेबांच्या चपराशाने, चिंधूने, तुझे उत्तर कँटीनभर अभिनयासह सांगितले. दोन दिवस मी कँटीन टाळून बाहेर झाडाखाली डबा खाल्ला. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तुझी आई म्हणाली, "पोरगी खरं बोलली, तर तुमाले काहून राग येऊन राहिला? क्वार्टर तुमाले पायजे, मंग नोकरी तिनं काहून करायची?" ही कोणत्या कॉलेजात शिकली कोण जाणे.

खरे सांगतो जया, मला घर सोडायची भीती वाटत होती. आणि तू साहेबांपुढे जे बोललीस, तसे पंचवीस वर्षांत मला एकदाही बोलता आले नाही.

काल इथून जवळच उतईला भाड्याच्या दोन खोल्या पाहून आलो. मार्चमध्ये तिकडे जाऊ. एक खोली तुझ्या परीक्षेच्या अभ्यासाला ठेवली आहे. दुसरीत मी आणि तुझी आई मावतो.

तुझे बाबा